कुत्र्याला छत्री आहे, घर नाही

सुताराचं बिल अजून माझ्या खणात पडलंय. त्यावर ‘कुत्रा पेटी, १ नग’ असं लिहिलंय. काम सांगायला गेलो तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, “खुराडं पायजे का?” म्हटलं, कोंबड्यांसाठी नाही, कुत्र्यासाठी. “मग पिंजरा म्हना की.” म्हटलं, पिंजराही नको. जाळी नको, कडी नको, पावसात आत शिरता आलं म्हणजे झालं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, प्लायच्या तुकड्यावर चौकोन मारला, वर दोन बाजूंना उतरतं छप्पर काढलं आणि स्वतःच हसला. “ह्यो तर देव्हारा झाला बगा. नुसता कळस नाय.” आठ दिवसांनी बिनकळसाचा देव्हारा घरी आला आणि बिल लिहिताना तो पुन्हा अडला. खुराडं लिहावं तर खोटं, पिंजरा लिहावं तर खोटं, देव्हारा लिहिणं तर पापच. मग पेटी.

सगळं आयुष्य लाकडात गेलेला हा माणूस. त्याच्याजवळ शब्द नव्हता, कारण आपल्या भाषेनं तो कधी घडवलाच नाही.

एरवी जनावरांना घरं देण्यात मराठी सढळ आहे. गाईबैलांना गोठा, घोड्यांना पागा, हत्तींना पिलखाना, कोंबड्यांना खुराडं, कबुतरांना ढाबळ, धनगराच्या मेंढ्यांना वाडा. कोल्हापूर दरबारानं शिकारीसाठी चित्ते पाळले, तर त्यांनाही चित्तेखाना मिळाला. पाळीव प्राण्यांचं सोडा, आपण मुंगीला वारूळ दिलंय, मधमाशीला पोळं दिलंय, उंदराला बीळ दिलंय. एकेका शब्दाचा प्रवासही मोठा आहे. ‘गोठा’ म्हणजे संस्कृतातला ‘गोष्ठ’, गाई उभ्या राहण्याची जागा. त्याच्यातून माणसं जमून बोलतात ती ‘गोष्ठी’ निघाली आणि तिची पुढं आपली ‘गोष्ट’ झाली. म्हणजे आजीच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टीला मुळात शेणाचा वास आहे. ‘तबेला’ अरबीतून फारसीमार्गे आला. घोडे ओळीनं बांधायच्या लांब दोरीचं ते नाव. मुंबईत तोच शब्द घोड्यांकडून म्हशींकडे गेला आणि जोगेश्वरी-गोरेगावात दुधाच्या कॅनबरोबर राहिला.

कुत्र्याचं मात्र काही नाही. शब्दकोशात ‘श्वानगृह’ सापडेल, पण तो कोशातच सापडतो. कुणी आईला “श्वानगृह झाडून घे” म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तो शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे कुत्रं येत नाही, ठरावाचा मसुदा येतो. उलट, मराठीनं कुत्र्याला दुसरीच एक वस्तू देऊन ठेवली आहे. पावसाळ्यात उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर जे पांढरं अळंबं उगवतं ते म्हणजे कुत्र्याची छत्री. छत्री अशी, की तिच्याखाली बेडूकसुद्धा भिजेल. छत्री दिली आणि खाली घर द्यायचं राहून गेलं.

राहून गेलं असं मी सहज म्हणालो खरा, पण ते राहून गेलं असं मला वाटत नाही. ज्या समाजानं चित्त्यासाठी शब्द केला त्याला कुत्र्यासाठी सुचला नसेल? शब्द नाही, कारण ती वास्तूच नव्हती. आणि वास्तू नव्हती, कारण कुत्र्याशी आपलं नातं निराळ्या जागी मांडलेलं होतं. आज न्यायालयं, महापालिका, गृहनिर्माण संस्था सगळे मिळून कुत्र्यांना कुठंतरी ‘ठेवायला’ निघाले आहेत. या धांदलीत जे शब्द आपण उचलतो आहोत ते मला गोड आणि म्हणून धोकादायक वाटतात.

सर्वांत रुळलेला उसना शब्द ‘केनेल’. त्याचं कूळ सांगण्याजोगं आहे. लॅटिनमध्ये कुत्रा म्हणजे ‘कॅनिस’. त्या भाषेत जनावराच्या नावाला ‘-इले’ जोडलं की त्याच्या घराचं नाव तयार होई: मेंढ्यांचं ‘ओविले’, घोड्यांचं ‘एक्विले’, शेळ्यांचं ‘काप्रिले’. आपला ‘-खाना’ जसा कुठंही चिकटतो तसंच. बोलीतला ‘कनीले’ याच साच्यातून निघाला. इटालियनमध्ये तो आजही तसाच आहे. फ्रेंचमध्ये सुरुवातीच्या ‘क’चा ‘श’ झाला आणि ‘शनील’ उरला. पण फ्रान्सच्या उत्तरेकडच्या बोलीत हा ‘क’ टिकून राहिला. नॉर्मन लोक ती बोली बोलत. १०६६ मध्ये त्यांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा त्यांच्या घोड्यांबरोबर, कायद्यांबरोबर आणि शिकारी कुत्र्यांबरोबर हा शब्दही खाडी ओलांडून गेला. तो ‘केनेल’. गंमत अशी, की लॅटिन ‘कॅनिस’ आणि संस्कृत ‘श्वन्’ हे एकाच आदिम शब्दाचे वंशज आहेत. केनेलला श्वानगृह म्हणणारा अनुवादक नकळत दोन चुलतभावांची गाठ घालून देतो.

इंग्रजीत आणखी एक ‘केनेल’ होता, तो रस्त्याकडेच्या गटाराला म्हणत. त्याचा कुत्र्याशी काडीचा संबंध नाही. तो ‘कनालिस’ म्हणजे कालव्याच्या घराण्यातला. पण उच्चार एक, अक्षरं एक. साहेबाचं कुत्रं पहिल्या केनेलमध्ये झोपायचं आणि गल्लीतलं कुत्रं दुसऱ्यात पाणी प्यायचं, असं म्हणायला हरकत नाही.

ते नुसतं शब्दांचं कोडं नाही. नॉर्मन राजांनी इंग्लंडातली मोठी जंगलं स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली. सरदारांच्या शिकारी कुत्र्यांना केनेल, खायला मांस, देखभालीला नोकर. त्याच जंगलाच्या हद्दीत राहणाऱ्या साध्या माणसाच्या कुत्र्याला मात्र राजाची हरणं पळवता येऊ नयेत म्हणून पंगू करून ठेवायचा कायदा. १२१७ च्या वनसनदेनं त्यात सूट दिली, ती एवढीच, की पुढच्या पायाची तीन नखं छाटावीत, तळव्याची गादी कापू नये. ही सवलत! तेव्हा केनेल हा शब्द जन्मापासून मालकाचा आहे. कुत्र्याला ऊब मिळावी ही त्यातली गौण गोष्ट. कुणाची कुत्री, किती, कोणत्या कामाची आणि कोणाला ती ठेवायची मुभा आहे, हे ठरवणारी ती भिंत.

पुढं १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि शब्दानं वळण घेतलं. क्लबचं मुख्य काम वंशावळीची नोंद ठेवणं. हळूहळू केनेल म्हणजे इमारत हा अर्थ मागं पडला आणि केनेल म्हणजे पैदास करणाऱ्याचं नाव, त्याचा शिक्का हा अर्थ पुढं आला. आपल्याकडे शब्द आला तो असा पुढचा अर्थ घेऊनच. पुण्या-नाशकाच्या बाहेर हमरस्त्याला ‘अमुक केनेल्स’ची पाटी दिसते, तिथं घर भाड्यानं मिळत नाही, पिल्लं विकत मिळतात. तिथून आणलेलं लॅब्रॅडॉर हौस फिटल्यावर त्याच हमरस्त्याला सोडून देणारे लोकही असतात, पण तो विषय आज नको.

आता आपल्याकडे या. सातारा जिल्ह्यात माझ्या आजोळी मोत्या नावाचं कुत्रं होतं. पिढ्या बदलल्या तरी नाव मोत्याच. मोत्या झोपतो कुठं हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नसता. थंडीत न्हाणीच्या चुलीतल्या कोमट राखेत, उन्हाळ्यात बैलगाडीच्या सावलीत, पावसात गोठ्याच्या कोपऱ्यात बैलांच्या अंगाच्या उबेला, सुगीत खळ्यावर. आजी भाकरी भाजून झाल्या की एक चतकोर बाजूला काढायची आणि ओसरीच्या कडेला जाऊन “यू यू यू” करायची. घास हक्काचा होता, जागा बिनहक्काची. आणि जागा नसली तरी हद्द होती. तो ओसरीवर यायचा, माजघरात नाही. उंबरा ही त्याची रेघ. ती त्याला कोणी शिकवली हे मला कधी कळलं नाही, पण चोराला, कोल्ह्याला आणि पोस्टमनला ती त्यानं शिकवली होती.

धनगराचा वाडा पाहिला असेल तर हे चटकन ध्यानात येईल. रात्री जाळीच्या कुंपणात मेंढरं आत, कुत्री बाहेर. त्यांना आत घेतलं तर त्यांचं कामच संपलं. गोठा, खुराडं, वाडा ही सगळी घरं ज्याला सांभाळायचं त्याच्यासाठी असतात. कुत्रं सांभाळणाऱ्यांच्या बाजूला. पहारेकऱ्याला आपण खोली देत नाही, दार देतो. सोलापूर-लातूरकडचा कारवानी घ्या, ससाण्यासारखा सुटणारा, हाडं मोजून घ्यावीत असा. तोही दारातल्या खुंटीला बांधलेला.

म्हणी काय सांगतात? ‘धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा.’ ‘आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा वाघ.’ पहिली म्हण त्याला घर नाही म्हणते, दुसरी त्याचा पत्ता देते. देवांकडे पाहा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि त्यांना आपण वेद मानतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात. या सगळ्या चित्रांत कुत्रं मोकळ्या आकाशाखाली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याला पालखीचा मान होता असं सांगतात. रायगडावरच्या वाघ्याच्या चौथऱ्यावरून २०२५ मध्येही केवढा वाद पेटला. इतिहास असो नसो, मराठी माणसाला कुत्र्यासाठी चौथरा बांधणं सुचलं, पालखी सुचली. खोली सुचली नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा माणूस जुन्या काळाचे गोडवे गातोय. तसं नाही. उंबऱ्याबाहेरची जागा ही फार कडवट जागाही आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला घेऊन स्वर्गाच्या दारात उभा राहतो, तेव्हा इंद्र त्याला सांगतो, ‘स्वर्गे लोके श्ववतां नास्ति धिष्ण्यम्’. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. ‘धिष्ण्य’ म्हणजे राहण्याचं ठिकाण. नियम कुत्र्याला लागतो आणि त्याच्यासोबत असलेल्या माणसालाही लागतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हीच गोष्ट जमिनीवर उतरते: चांडाळ आणि श्वपचांची वस्ती गावाबाहेर असावी आणि कुत्री-गाढवं हेच त्यांचं धन असावं. कुत्र्याला घर नाही आणि ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांना गावात घर नाही, या दोन गोष्टी एकाच श्लोकात बसतात. १९३१ मध्ये मणिभवनात गांधीजींना भेटले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी म्हटलं होतं, जिथं आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षाही हीन वागवलं जातं, प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी मायभूमी कसं म्हणू? कुत्र्याच्या घराबद्दल हळवं होणाऱ्या प्रत्येक लेखानं, याही लेखानं, हे वाक्य समोर ठेवूनच पुढचं लिहावं. आपल्याकडे ‘कोण कुठं राहील’ हा प्रश्न कधीच नुसता वास्तुशास्त्राचा नव्हता.

मुंबईत तो एकदा दंगलीपर्यंत गेला. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात रस्त्यावरची कुत्री मारायची मोहीम चाले. १८३२ मध्ये तिची मुदत वाढवली. कुत्र्यामागं आठ आणे मिळत, म्हणून मारेकरी चेकाळले आणि दारातली, घरातली कुत्रीही ओढून न्यायला लागले. ६ जून हा पारशांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी किल्ल्यात पारशी रस्त्यावर उतरले. पारशी धर्मात कुत्र्याला जे स्थान आहे ते पाहता यात नवल नाही. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही सामील झाले, बाजार बंद पडला, कुलाब्यातल्या गोऱ्या शिबंदीचं खाणंपिणं अडलं. धरपकड झाली, खटले झाले. पण शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायची असं ठरलं. शहराबाहेर न्यायची म्हणजे कुठं? हा प्रश्न उरलाच. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना छप्पर मिळालं.

पांजरपोळ हा शब्द मला आवडतो, कारण तो खोटं बोलत नाही. पांजरा म्हणजे पिंजरा, पोळ हा गुजरातीतला. पिंजरा आहे हे नावातच सांगून टाकलंय. दया आहे, पण कोंडूनच. आज तिथं गेलात तर गाई दिसतील. लोक गाईला चारा घालून पुण्य घेतात आणि ही जागा कुत्र्यांसाठी निघाली हे तिथल्या चारा विकणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. कुत्री परत रस्त्यावर आली, आणि विसाव्या शतकात मुंबई महापालिका त्यांना पकडून विजेच्या धक्क्यानं मारत राहिली, नव्वदच्या दशकात निर्बीजीकरण सुरू होईपर्यंत.

१९३ वर्षांनी तोच प्रश्न दिल्लीत उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये सहा वर्षांच्या मुलीच्या रेबीजनं झालेल्या मृत्यूची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं सांगितलं, दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी कुत्री उचला, शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका. सुरुवातीला पाच हजारांची सोय करा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी हा आदेश बदलला: निर्बीजीकरण, लस आणि जंतनाशक देऊन कुत्री उचलली त्याच भागात सोडा, रेबीज झालेली आणि अंगावर जाणारी तेवढी ठेवा, खाऊ घालायला ठरावीक जागा करा. ७ नोव्हेंबरला पुन्हा, शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवा आणि तिथं परत आणू नका. तीन महिन्यांत कुत्र्याचा पत्ता तीनदा बदलला.

आपल्या वर्तमानपत्रांनी या शेल्टरसाठी काय काय लिहिलं ते पाहण्यासारखं आहे. निवारागृह. श्वान निवारा केंद्र. आश्रयस्थान. निवारा! पाऊस पडतोय, वाटसरू देवळाच्या पडवीत शिरतो, त्याला आपण निवारा म्हणतो. पाऊस थांबला की तो निघून जातो. निवाऱ्याला बाहेरून कडी नसते. ज्या जागी जनावराला गाडीतून पकडून आणलं जातं, आत घालून दार लावलं जातं आणि पुन्हा सोडायचं नाही असा हुकूम असतो, त्या जागेला मराठीत एक स्वच्छ, जुना, सर्वांना कळणारा शब्द आहे. कोंडवाडा.

मी हा शब्द टोमणा म्हणून सुचवत नाही. तो वापरावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. गावोगावचे कोंडवाडे १८७१ च्या गुरांसंबंधीच्या कायद्यानं चालले. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं तिथं आणायची. कोंडवाडेवाल्यानं नोंदवहीत लिहायचं: जनावरं किती, कशी, कोणत्या दिवशी किती वाजता आली, कोणी आणली त्याचं नाव, मालक ठाऊक असेल तर त्याचं नाव. आणणाऱ्याला नोंदीची नक्कल द्यायची. आणि आत असेपर्यंत चारा-पाणी देणं ही कोंडवाडेवाल्याची कायदेशीर जबाबदारी. मालक दंड भरतो, जनावर सुटतं. म्हणजे शब्द कितीही रुक्ष असला तरी त्यात येण्याची वेळ आहे, खाण्याचा हिशेब आहे आणि सुटकेची वाट आहे. कोंडवाड्यातली गाय उपाशी मेली तर कुणालातरी उत्तर द्यावं लागे. निवाऱ्यातलं कुत्रं मेलं तर काय म्हणणार? निवारा दिला होता, तरी मेलं बिचारं. गोड शब्दाचा हाच धोका. तो जबाबदारीचं रूपांतर उपकारात करतो.

आणि संख्या बघा. २०१९ च्या पशुगणनेत देशात रस्त्यावरची कुत्री १ कोटी ५३ लाख होती. दिल्लीत सुरुवातीला सोय सांगितली होती पाच हजारांची. एका कुत्र्याच्या पोटाला दिवसाला चाळीस रुपये धरले (मी घासाघीस करून धरतोय), तरी या पाच हजारांच्या नुसत्या खाण्याला वर्षाला सात कोटी तीस लाख लागतात. त्यात माणसं नाहीत, औषधं नाहीत, जागा नाही, वीज नाही. दाटीवाटीनं ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये खोकल्याची साथ पसरते, तिला जगभर ‘केनेल कफ’च म्हणतात. घराच्या नावावरून आजाराचं नाव पडलंय, यावरून घर कसं असतं ते समजावं.

दुसरी बाजू मी टाळत नाही. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक नोंदी झाल्या, हा आकडा सरकारनं संसदेत दिला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि चावे घेतले जातात ते बहुतेक पायी चालणाऱ्यांचे, उघड्यावर खेळणाऱ्या पोरांचे, पहाटे कामाला निघालेल्यांचे. कारच्या काचेआडून भूतदया सोपी असते. माझ्याच सोसायटीत संध्याकाळी कुत्र्यांना बिस्किटं टाकणारे गृहस्थ लिफ्टनं वर जातात, आणि त्याच बिस्किटांवरून रात्री भांडणारी कुत्री ज्याच्या सायकलच्या मागं लागतात तो माणूस पेपरच्या लाइनवरचा असतो. तेव्हा शाळेच्या आवारात, रुग्णालयात कुत्री नकोत हे मला मान्य आहे. पिसाळलेलं आणि पुन्हा पुन्हा चावणारं कुत्रं कोंडलंच पाहिजे. उरलेल्यांपैकी निदान सत्तर टक्क्यांना लस टोचली गेली तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर अनुभवाला आलंय. त्यासाठी भिंती लागत नाहीत, माणसं, गाड्या आणि लशीच्या बाटल्या लागतात, आणि वर्षानुवर्षं लागतात. भिंत बांधली की फीत कापता येते. लशीच्या मोहिमेला फीत नसते, हा तिचा दोष.

शब्दांचा घोळ ‘भटका’पासूनच सुरू होतो. भटका तो, जो घर सोडून हिंडतो. आमच्या गल्लीतलं तपकिरी कुत्रं गेली सात वर्षं इस्त्रीवाल्याच्या टपरीपासून वाण्याच्या पायरीपर्यंतच राहतंय. त्याच्यापेक्षा जास्त भटकलेले भाडेकरू मी पाहिलेत. २०२३ च्या निर्बीजीकरणाच्या नियमांनी अशा कुत्र्यांना इंग्रजीत समाजाचे प्राणी म्हटलं. मराठीला असं काही नवं घडवायची गरज नाही. ‘गावचं कुत्रं’, ‘आमच्या आळीतलं कुत्रं’ असं आपण म्हणतोच. यात मालकी नाही, पण नातं आहे, आणि नातं आहे म्हणून कुणी चावलं तर “तुमच्या आळीतलं होतं” अशी तक्रारही करता येते. भटकं म्हटलं की ते कुणाचंच नाही, मग लस कोणी टोचायची, हाही प्रश्न कुणाचाच नाही.

सुताराची पेटी माझ्या दारात तशीच आहे. सध्या तिच्यात चपला असतात. कुत्रं तिच्या उतरत्या छपराला पाठ लावून बाहेर झोपतं, मुसळधार पाऊस आला तरच आत जातं आणि उघडीप मिळाली की अंग झाडत बाहेर येतं. तिला आम्ही आता पेटीच म्हणतो. शब्द काही वाईट नाही.

आमच्या शहरातही म्हणे कुत्र्यांसाठी काहीतरी बांधायचं चाललंय. बांधा. पण पाटीवर कोंडवाडा लिहा आणि आत टेबलावर ती जुन्या धर्तीची नोंदवही ठेवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी पकडून आणलं. लस कधी टोचली. रोज काय खायला घातलं. शेवटचा रकाना मालकाचं नाव आणि पत्ता. तो रिकामा सोडू नका. ज्या गल्लीतून कुत्रं उचललं त्या गल्लीचं नाव तिथं लिहा. २२ ऑगस्टच्या आदेशाप्रमाणे सोडायचंही तिथंच आहे.